रंग पेटीचा, नजर माशीची

परसात मधमाश्यांची पेटी ठेवायचे घरात एकदा ठरले, की पहिला वाद माश्यांवरून होत नाही, पेटीच्या रंगावरून होतो. मुलांना ती चितारून हवी असते. आजीला शुभ म्हणून तांबडी हवी असते. घरच्या कर्त्यांना ती भिंतीच्या रंगाला शोभणारी हवी असते, आणि ज्यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली ते गेल्या दिवाळीत उरलेला ऑईल पेंटचा डबा माळ्यावरून काढून केव्हाच बसलेले असतात. मराठीत सुरू झालेला वाद बघता बघता कन्नडवर जातो. ‘केंपु ब्याड, बिळी इरलि’ असा निकाल स्वयंपाकघरातून येतो. या सगळ्यात जिला त्या घरात राहायचे आहे, तिचे मत कुणी विचारत नाही.

तिचे मत घेता येते, आणि शंभर वर्षांपूर्वीच ते घेतलेही गेले आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकचे नामवंत नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस छातीठोकपणे सांगत, की मधमाशीला रंग दिसतच नाहीत. कार्ल फॉन फ्रिश या तरुण प्राणिशास्त्रज्ञाला ते पटेना. माशीला रंग दिसत नसेल तर फुलांनी हा सगळा थाट मांडला तो कुणासाठी? त्यांनी टेबलावर फिकटापासून गडदपर्यंत करड्या छटांचे कागद मांडले, मध्ये एक निळा कागद ठेवला आणि त्यावरच्या वाटीत साखरपाणी घातले. माश्यांना सवय झाल्यावर वाट्या रिकाम्या केल्या आणि कागदांच्या जागा बदलल्या. माश्या निळ्यावरच उतरल्या. त्यांना रंग दिसत नसता, तर तेवढ्याच उजळ अशा एखाद्या करड्या कागदावर त्या फसायला हव्या होत्या. हाच प्रयोग तांबड्या कागदाने केला तेव्हा मात्र त्या फसल्या. काळ्या आणि गडद करड्या कागदांतून तांबडा त्यांना निवडता येईना. फ्रिश यांनी हे निष्कर्ष १९१४ च्या सुमारास मांडले. पुढे माश्यांच्या नाचाची भाषाही त्यांनीच उलगडली आणि १९७३ साली त्यांना इतर दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

थोडक्यात, आजीचा शुभ तांबडा माशीला काळपट दिसतो. गेरू किंवा काव फासलेली पेटीही तशीच. उलट आपल्याला न दिसणारे जंबुपार किरण तिला दिसतात. त्यामुळे आपल्या डोळ्यांना सारखेच पांढरे दिसणारे दोन रंग तिला वेगवेगळे वाटू शकतात. बाजारातल्या आजच्या बहुतेक पांढऱ्या रंगांत टायटॅनियम डायऑक्साईड असते आणि ते जंबुपार किरण गिळून टाकते. आपला पांढरा म्हणूनच माशीच्या लेखी पांढरा नसतो, त्यात थोडी निळसर-हिरवट झाक असते. तिला त्याचे काही वाटत नाही. तिला हवा असतो तो फक्त शेजारच्या पेटीहून वेगळा रंग.

सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको, की आपल्याकडे रंग हा नुसता रंग नसतो. भगवा म्हटले की एक घर खूश, हळदी-कुंकवाचा म्हटले की दुसरे. मराठी माहेर आणि कन्नड सासर एकाच छपराखाली नांदत असेल, तर डबा उघडण्याआधीच कपाळावर आठ्या. माशीच्या डोळ्याला मात्र केशरी, पिवळा आणि पोपटी हे जवळजवळ एकाच घराण्यातले रंग वाटतात. पिवळ्या कागदावर शिकवलेल्या फ्रिश यांच्या माश्या केशरी आणि हिरव्या कागदावरही बिनदिक्कत जात. कुंकवाचा तांबडा तर तिला दिसतच नाही. तेव्हा या भांडणात तिची साक्ष काढण्यात अर्थ नाही. एक पेटी भगवी आणि दुसरी पिवळी रंगवून दोन्हीकडची मने राखली, तरी माशीपुढे आपण दोन सारख्याच पेट्या ठेवल्या असे होते.

सारख्या पेट्या ठेवल्या म्हणून काय बिघडते? पेटी एकच असेल तर काहीच बिघडत नाही. परसात एकुलती एक पेटी असणाऱ्याने रंगाचा विचार फक्त उन्हापुरता करावा. दुसरी पेटी आली की मात्र गोष्ट बदलते, आणि पहिलीचा जम बसला की दुसरी येतेच.

आपल्याकडे पेटीत ठेवतात ती सातेरी माशी. शिरसी-यल्लापूरकडचे सोयरे तिला तुडुवे म्हणतात. (आग्या मोहोळाची, म्हणजे हेज्जेनूची माशी पेटीत राहत नाही, तिच्या वाटेला जाऊ नये.) सातेरीची तरुण कामकरी माशी पहिल्यांदा बाहेर पडते तेव्हा सरळ फुलांकडे जात नाही. पेटीकडे तोंड करून ती दारापुढे हेलकावे घेत राहते आणि घर डोळ्यांत साठवते. दार कुठे आहे, बाजूला काय आहे, रंग कोणता आहे, सगळे ती टिपून घेते. फ्रिश यांनी पेट्यांच्या दर्शनी बाजूला रंगीत पत्रे लावून हे तपासले होते. राहत्या पेटीचा निळा पत्रा काढून त्यांनी शेजारच्या रिकाम्या पेटीला लावला, तर परतणाऱ्या माश्या त्या रिकाम्या पेटीत शिरू लागल्या. रंग हा त्यांच्या घराच्या पत्त्याचाच भाग होता.

दोन पेट्या एकाच रंगाच्या, एकाच आकाराच्या आणि एकाच दिशेला तोंड करून शेजारी शेजारी असल्या, तर हा पत्ता चुकतो. पोटात मकरंद घेऊन चुकून आलेल्या कामकरी माशीला दारावरच्या पहारेकरणी बहुधा आत घेतात. त्यामुळे काही आठवड्यांत एक पेटी भरभरून वाढते आणि दुसरी विरळ होत जाते, आणि आपण मात्र दुसरीतली राणी कमजोर निघाली असे म्हणत बसतो. चुकलेल्या माशीबरोबर रोगही येतो. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने दक्षिणेतल्या सातेरीच्या असंख्य वसाहती बुडवल्या. अळ्या पाणी भरलेल्या पिशवीसारख्या होऊन मरत. ज्यांचे नातेवाईक कोडगूकडे किंवा मलनाडात आहेत, त्यांच्या घरी त्या वर्षांत रिकाम्या झालेल्या पेट्यांची आठवण अजून निघते. एका पेटीतला असा आजार दुसरीत नेण्याचे काम वाट चुकलेल्या माश्या करतात.

पण खरा घात होतो तो राणीचा. वसाहतीत नवी राणी जन्मली, की पहिल्या काही दिवसांत एखाद्या उबदार दुपारी ती नरांशी मीलनासाठी बाहेर पडते. तिला तर घराची ओळख कामकरी माश्यांपेक्षाही कमी. परतताना ती शेजारच्या पेटीत शिरली तर तिथल्या माश्या तिला जिवंत ठेवत नाहीत, कारण त्यांच्याकडे त्यांची राणी आहे. इकडे तिच्या पेटीत नवी राणी तयार करायला लागणारी कोवळी अंडी-अळ्या तोवर उरलेल्या नसतात. कामकरी माशीचे आयुष्य हंगामात पाच-सहा आठवड्यांचे. राणी हरवलेली पेटी दोन महिन्यांत ओस पडते, आणि मागाहून मेणकिडा पोळी खाऊन टाकतो. जांभूळ फुलायच्या ऐन तोंडावर भरलेली पेटी का गेली याचा उलगडा घरच्यांना होत नाही. कुणाची दृष्ट लागली, इथवर बोलणे जाते.

म्हणून दुसरी पेटी आणण्याआधी तिचा रंग ठरवावा. माशीला स्पष्ट वेगळे कळणारे उजळ रंग तीनच धरावेत : पांढरा, निळा आणि पिवळा. चौथी पेटी असेल तर या तिघांतलाच एखादा रंग घेऊन दारावर ठळक आकृती काढावी. मुलांची हौस इथे उपयोगी पडते, पण त्यांना एक गोष्ट आधी सांगून ठेवावी. माशीची नजर आपल्यापेक्षा फार अंधूक असते. बारीक वेलबुट्टी, नाव, ॐ हे सगळे तिला नुसते धूसर दिसते. पाऊण-एक फूट रुंदीची दर्शनी फळी रंग म्हणून तिला उमगते तीही साधारण एक मीटरवर आल्यानंतर. त्याआधी ती उजेड-सावलीच्या खुणांवर, झाडावर, तुळशीवृंदावनावर, विहिरीच्या कट्ट्यावर भरवसा ठेवून येते. रंग हा शेवटच्या एका मीटरचा पत्ता आहे. म्हणून दाराची अख्खी बाजू एकाच रंगाने भरावी, नुसता पट्टा ओढू नये. आकृती काढायचीच तर भरीव गोलापेक्षा फुली, चांदणी, रांगोळीतली आठ पाकळ्यांची ठिपकेदार नक्षी बरी. तुटक कडांच्या आकृती माशीला सहज ओळखू येतात. दोन पेट्यांची तोंडे थोडी वेगळ्या दिशांना वळवली आणि मध्ये दोन-तीन मीटर अंतर ठेवून एखादी कुंडी ठेवली, तर रंगावरचा भार बराच हलका होतो.

पेट्या चितारण्याची ही हौस नवी नाही. युरोपातल्या स्लोव्हेनियात पेट्या एकमेकींना खेटून, एकावर एक रचून ठेवायची रीत होती, म्हणजे चुकामूक होण्याची शक्यता आपल्याहून कितीतरी जास्त. तिथल्या शेतकऱ्यांनी प्रत्येक पेटीच्या दर्शनी फळीवर वेगळे चित्र काढायला सुरुवात केली. जपून राहिलेली सर्वांत जुनी फळी १७५८ सालची आहे. मेरीमातेपासून थट्टेच्या प्रसंगांपर्यंत सगळे या फळ्यांवर आहे. शिकाऱ्याच्या तिरडीला जनावरांनी खांदा दिलाय, असे एक चित्र तर फारच लोकप्रिय. रादोव्लित्सा गावच्या मधमाशी संग्रहालयात त्या बघायला मिळतात. माशीला त्यातली माणसे-जनावरे कळत नसणार, रंगांचे मोठे ठसे कळत असतील. मालकाला मात्र ‘अमक्या चित्राच्या पेटीतून थवा निघाला’ असे सांगणे सोपे झाले असेल. याच देशात १७३४ साली जन्मलेले अँटन यान्शा आधी चित्रकला शिकायला व्हिएन्नाला गेले आणि पुढे राजदरबारी नेमलेले मधमाशीपालनाचे शिक्षक झाले. २० मे हा जागतिक मधमाशी दिन त्यांच्याच स्मरणार्थ पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांनी तो २०१७ साली ठरवला.

आता उन्हाकडे वळू. इथे युरोपचा सल्ला आपल्याला उपयोगाचा नाही, कारण त्यांना थंडीची काळजी असते आणि आपल्याला वैशाखाची. पोळ्यात पिल्ले असतात तिथे माश्या ३४-३५ अंश तापमान राखतात. बेळगावात एप्रिल अखेर पारा ३६-३७ पर्यंत जातो, अथणी-विजापूरकडे चाळिशी ओलांडतो. उन्हातल्या काळ्या पेटीच्या आत काय होत असेल ते दुपारी मोटारसायकलच्या सीटवर हात ठेवून बघावे. पोळ्याचे मेण वितळायला साठ अंशांहून जास्त उष्णता लागते, पण चाळिशीतच ते इतके मऊ होते की मधाने जड झालेले पोळे निसटू शकते. त्याआधी माश्या पंख्याने वारा घालतात आणि पाणी आणून शिंपडतात. मकरंद आणायच्या माश्या पाणी भरायला लागल्या, की तेवढा मध गेला. सातेरी तर मुळातच मानी. फार जाच झाला की सगळी वसाहत पेटी सोडून निघून जाते. उन्हाचा सर्वांत जास्त मारा झाकणावर होतो, त्यामुळे बाजू कोणत्याही रंगाच्या असोत, झाकण पांढरे हवे. पेटी फणसाच्या किंवा आंब्याच्या सावलीत असेल तर बाजूंना थोडा गडद निळाही चालून जातो.

राहता राहिला माळ्यावरचा तो डबा. तो दिवाळीचा नसून खरोखरच जुना, २०१७ च्या आधीचा असेल तर वापरू नये. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम २०१६ साली निघाला आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या ऑईल पेंटचा भरवसा देता येत नाही. बाहेरच्या भिंतींना लावतात तो पाण्यात मिसळणारा रंग पेटीला उत्तम. त्याचा वास लवकर जातो आणि लाकडातली ओल त्यातून थोडी बाहेर पडू शकते. बडिगेराकडून पेटी आली की पॉलिश पेपर मारून, लाकडाच्या प्रायमरचा एक हात आणि वर रंगाचे दोन हात द्यावेत. सगळे फक्त बाहेरून. आतून काहीही लावू नये. चौकटी, आतल्या फळ्या आणि दाराची आतली कड कोरीच ठेवावी. वाळवीसाठी काळे ऑईल किंवा औषध फासायचा मोह पेटीच्या बाबतीत आवरावा. मुंग्या-वाळवीसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणे पुरते. रंग नकोच असेल तर जवसाचे, म्हणजे अगसेचे तेल दोन-तीनदा चोळले तरी लाकूड दोन पावसाळे सहज काढते. मात्र तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवावीत.

रंगवायचे काम वळीव सुरू व्हायच्या आत उरकावे आणि पेटी आठ-दहा दिवस सावलीत उघडी ठेवावी. वास गेला की नाही हे घरातल्या तीक्ष्ण नाकाच्या माणसाने ठरवावे. वसलेल्या पेटीचा रंग मध्येच बदलू नये, कारण बाहेर गेलेल्या माश्या परतल्यावर दारापुढे घिरट्या घालत राहतात. रंग उडालाच असेल तर त्याच रंगाची दुसरी पेटी तयार ठेवावी आणि संध्याकाळी माश्या परतल्यावर चौकटी एकेक करून तिच्यात हलवाव्यात. जुनी रिकामी पेटी तिथेच शेजारी ठेवू नये. ती घासून पुन्हा रंगवावी आणि पुढच्या थव्यासाठी राखून ठेवावी. तो थवा दुसऱ्या पेटीत जाणार असेल तर तिच्या दाराची बाजू पहिलीहून वेगळ्या रंगाची असावी. झाकण मात्र दोन्हींचे पांढरेच.