आपल्यातला भाऊ पोप झाला तो दिवस

सकाळी पावणेआठ. रोम, गुरुवार, 8 मे 2025. सांता मार्ता निवासातून 133 कार्डिनल बाहेर पडतात. आधी मिस्सा, मग सव्वानऊला सिस्टिन चॅपेलमध्ये नव्या पोपच्या निवडीसाठी मतदान. ज्याला 89 मतं मिळतील तो पोप. मत देणाऱ्यांत गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव आहेत. रॉबर्ट प्रेव्होस्टही आहेत: जन्म शिकागोचा, उमेदीची वर्षं पेरूमधली, आणि व्रताने ऑगस्टिनियन, म्हणजे संत ऑगस्टीनच्या नियमावलीने जगणाऱ्या संघाचे.

त्यांच्या संघाचं मुख्यालय सेंट पीटर चौकाच्या खांबांना जवळजवळ लागूनच आहे. तिथल्याच सांता मोनिका विद्यालयात 19 जून 1982 रोजी प्रेव्होस्ट यांना गुरुदीक्षा मिळाली. 2001 ते 2013 ते साऱ्या संघाचे प्रमुख होते. त्या काळात केरळमधल्या आपल्या बांधवांनाही भेटून गेले. कार्डिनल झाल्यावरही ते मुख्यालयात प्रार्थनेला येत, जेवायला बसत. अशा घरांतली सकाळ ठरलेली असते: एकत्र प्रार्थना, मिस्सा, न्याहारी, मग ज्याचं त्याचं काम. कुणी शिकवतो, कुणी कागदपत्रं सांभाळतो. संत ऑगस्टीनच्या नियमावलीचं पहिलंच सांगणं आहे की एका घरात एकदिलाने राहा. ती आठवड्यातून एकदा वाचायची, हेही तिच्यातच लिहिलं आहे. निवडीच्या संध्याकाळचा आनंद मला या नियमाशिवाय कळत नाही. जगाला एक नाव मिळणार होतं. या घरातला, पंगतीला बसणारा माणूस जाणार होता.

अकरा वाजून 51 मिनिटं. चिमणीतून काळा धूर: अजून निवड नाही. आत मतं मोजणारे तिघे प्रत्येक चिठ्ठी बघतात, तिसरा ती मोठ्याने वाचतो, सुईने दोऱ्यात ओवतो आणि सगळ्या चिठ्ठ्या शेगडीत जातात. शेजारच्या दुसऱ्या शेगडीत रंगाची पुडी जळते. पांढऱ्या धुरासाठी तिच्यात पोटॅशियम क्लोरेट, दुग्धशर्करा आणि राळ असते. इतकं जुनं काम इतक्या साध्या हातांनी होतं, याचा मला फार आदर वाटतो.

दुपारी जेवण. साडेचारच्या सुमारास पुन्हा मतदान. मोजणीत आपलंच नाव वारंवार ऐकून प्रेव्होस्ट यांनी खोल श्वास घेतला, तेव्हा शेजारी बसलेल्या कार्डिनल टॅगले यांनी त्यांना चघळायला गोळी देऊ केली. टॅगले यांनीच नंतर हे सांगितलं.

संध्याकाळी सहा वाजून सात मिनिटं. चिमणीजवळ सीगल पक्ष्यांची जोडी पिल्लासह बसलेली, आणि पांढरा धूर आला: पोप निवडला गेला. घंटा सुरू झाल्या. माणसं गल्ल्यांतून चौकाकडे धावत सुटली. नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही. तासभर नुसती वाट पाहायची.

सात वाजून 12 मिनिटं. कार्डिनल माम्बेर्ती सज्जात येऊन नाव वाचतात. चौकातले बरेच जण एकमेकांना विचारतात, हे कोण? ऑगस्टिनियनांना विचारावं लागत नाही. 1244 साली टस्कनीतल्या संन्याशांच्या छोट्या गटांतून सुरू झालेल्या त्यांच्या संघाला पहिल्यांदाच आपल्यातला पोप मिळाला होता. थोड्या वेळाने प्रेव्होस्ट, आता पोप चौदावे लिओ, स्वतः पुढे आले. शांतीचं अभिवादन केलं, आणि आपण संत ऑगस्टीनचे पुत्र आहोत, असं जगासमोर म्हणाले. मग इटालियन सोडून स्पॅनिशमध्ये आपल्या जुन्या चिक्लायो धर्मप्रांताची आठवण काढली.

पेरूच्या उत्तरेकडल्या चिक्लायोत तेव्हा भर दुपार होती. रोमच्या सात तास मागे. कॅथेड्रलच्या घंटा वाजू लागल्या, समोरच्या चौकात माणसं जमली. प्रेव्होस्ट बिशप म्हणून आठ वर्षं तिथे होते. 2015 मध्ये त्यांनी पेरूचं नागरिकत्व घेतलं, महामारीत प्राणवायूच्या यंत्रांसाठी पैसे उभे केले. 2023 च्या पुरात ते रबरी बूट घालून चिखलातून वस्त्यांत गेले. माझ्या मते खरा आनंद इथेच होता, कारण या लोकांनी त्या माणसाला काम करताना पाहिलं होतं. विशेष म्हणजे तिथले आताचे बिशप एडिन्सन फारफान हेही ऑगस्टिनियनच. पत्रकारांनी त्यांना गाठलं, तर धर्मविषयक गोष्टींबरोबर चिक्लायोचं जेवण पोपना किती आवडतं, हेही त्यांनी सांगितलं. शनिवारी चौकात आभाराची मिस्सा झाली.

नवे पोप सज्जात आले तेव्हा वसईत रात्रीचे पावणेअकरा होऊन गेले होते. आपल्याकडच्या कॅथलिकांनी हे घरातल्या पडद्यावर पाहिलं. जुन्या गोव्यातल्या टेकडीवर लाल दगडाचा जो पडका मनोरा उभा आहे तो ऑगस्टिनियन संघाचाच. हे संन्यासी 1572 मध्ये गोव्यात आले. पोर्तुगिजांनी धर्मसंघ बंद केल्यावर 1835 मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. मनोरा बघायला जाणाऱ्याला आता तो कुणाचा, हे सांगणं सोपं झालं आहे.

त्या रात्री रोममध्ये नव्या पोपनी कार्डिनलांबरोबर जेवण घेतलं. मुख्यालयातली त्यांची जागा आता रिकामीच राहणार, असं वाटायला हरकत नव्हती. पण 13 मेला ते न सांगता तिथे गेले, बांधवांबरोबर मिस्सा केली आणि जेवायलाही थांबले.