बंदुकीला घाण्याचं तेल: कोणतं चालतं, कोणतं चिकटतं

उमरखेड तालुक्यात एका अंगाला पैनगंगेच्या काठचं अभयारण्य आणि दुसऱ्या अंगाला कापूस, सोयाबीन, ऊस, हळदीची शेतं. रात्री रानडुकरं आणि रोही (नीलगायी) पिकात उतरतात, हे इथे कुणाला सांगायला नको. म्हणूनच जंगलाला लागून असलेल्या अशा भागात जुन्या शेतकरी घरांमध्ये परवान्याची ठासणीची बंदूक असते. नळीच्या तोंडातून दारू आणि छरे भरून गजाने ठासायची, ती ही बंदूक. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक रक्षणासाठीच्या अशा बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे.

बंदुकीचं खास तेल गावातल्या दुकानात मिळेलच असं नाही. मग हात स्वयंपाकघरातल्या बाटलीकडे जातो आणि घोळ तिथेच होतो. वनस्पती तेल बंदुकीला चालतं, पण प्रत्येक तेल नव्हे, आणि एकच तेल सगळ्या भागांना तर नाहीच. निवड कशी करायची, ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी: बंदूक रिकामी आहे ना?

तेलाची बाटली उघडण्याआधी हे बघायचं. ठासणीच्या बंदुकीत नुसतं बघून कळत नाही. बार पेटवणारी टोपी काढलेली असली तरी आत दारू असू शकते. नळीच्या तोंडासमोर स्वतः येऊ नका आणि दुसऱ्या कुणाला येऊ देऊ नका. गज नळीत अलगद सोडा, तोंडाशी तो जिथे येतो तिथे बोटाने धरा आणि बाहेर काढून नळीच्या बाजूला लावून मोजा. गज नळीच्या बुडापर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. ते उकरायला जाऊ नका. परवानाधारक कारागिराला आधी कळवा. पुढचं काम तोच करेल.

दुसरी पायरी: आधी पाणी, मग तेल

पाण्याने गंज येतो म्हणून बरेचजण बार झाल्यावर थेट तेलाची चिंधी फिरवतात. सगळ्यात मोठी चूक ही. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती जळते तेव्हा निम्म्याहून अधिक वजन वायू न होता काजळी आणि क्षारांच्या रूपात उरतं. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. काही टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. त्यातून मागे राहणारा क्षार मिठाचाच भाऊबंद. क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. वरून तेल लावलं की क्षार खाली तसेच राहतात आणि लोखंड आतून खात बसतात.

म्हणून बार झाल्यावर त्याच दिवशी गजाला चिंधी गुंडाळून गरम पाण्याने नळी धुवा. चिंधी काळी यायची थांबेपर्यंत पाणी बदलत राहा. शेवटचं पाणी चांगलं कडकडीत असू द्या, म्हणजे नळी तापते आणि उरलेला ओलावा आपोआप उडतो. मग कोरडी चिंधी फिरवा. टोपी बसते ते बारीक तोंडही विसरू नका. बहुतेक वेळा गंजाची सुरुवात तिथून होते. नळी दस्त्यापासून सुटत नसेल तर पाणी बेताने वापरा. लाकडाच्या सांध्यात मुरलेलं पाणी लवकर वाळत नाही.

तिसरी पायरी: सुकणारं तेल आणि न सुकणारं तेल

सगळी निवड या एका गोष्टीवर उभी आहे. काही तेलं हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतात, आधी चिकट आणि मग चक्क कातडीसारखी. याला तेल सुकणं म्हणतात. पाणी उडून जातं तसं हे नाही. तेल तिथेच असतं, फक्त वार्निश बनतं.

कोणतं तेल किती सुकेल, याचा अंदाज आयोडीन मूल्यावरून येतो. शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन पचवतं, तो हा आकडा. आकडा जितका मोठा, तितकं तेल सुकायला उतावीळ. जवसाचा आकडा साधारण १७० ते २००. करडईचा १४० च्या आसपास. सोयाबीन आणि सूर्यफूल १२० ते १४० च्या घरात. तीळ आणि सरकी १०० ते १२०. फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल ८५ ते १०५. एरंडेल ८२ ते ९०. खोबरेल जेमतेम ६ ते ११.

आता आपल्या घरातली बाटली आठवा. आज बहुतेक घरांत सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं तेल असतं, म्हणजे नेमकं चिकटणारं. जे सहज हाताशी येतं, तेच यंत्राला सगळ्यात वाईट.

चौथी पायरी: घरच्या घरी पारख

आकडे पाठ करायची गरज नाही. काचेचा एक तुकडा घ्या. घरात असतील त्या तेलांचे थेंब ओळीने ठेवा, बोटाने पातळ पसरा आणि प्रत्येकासमोर नाव लिहा. धूळ बसणार नाही पण हवा लागेल अशा जागी काच पंधरा दिवस ठेवा. मग एकेका तेलावर बोट टेकवून उचला. जवसाचा पापुद्रा झालेला असेल. करडई, सोयाबीन बोटाला ओढ देऊ लागलेली असतील. एरंडेल मात्र होतं तसंच, जाड आणि घसरडं. बोटाला ओढ लागली ते तेल चाप-घोड्याला लावायचं नाही.

पाचवी पायरी: भाग तसं तेल

चाप आणि घोड्याची कळ: इथे एरंडेल. ते जाड असतं, लोखंडाला धरून राहतं आणि सहजी सुकत नाही. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांत हेच तेल घालत, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळून वाहून जात नसे. कॅस्ट्रॉल हे नावही कॅस्टर, म्हणजे एरंडी, याच्यावरूनच आलं. थंडीत ते फार घट्ट वाटलं तर वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा. पातळ करायला रॉकेल ओतू नका, दोन्ही नीट मिसळत नाहीत. काडीच्या टोकावर येईल तेवढा एक थेंब पुरतो.

कळीला चुकून सुकणारं तेल लागलं असेल तर ते आवाजावरून कळतं. रिकाम्या बंदुकीचा घोडा हाताने धरून हळूच मागेपुढे केला की खटका स्वच्छ वाजायला हवा. तो मऊ, दबका वाजत असेल आणि घोडा सावकाश सरकत असेल, तर आत चिकटा साचला आहे. त्यावर आणखी तेल घालून उपयोग नाही. कळ उघडून साफ करून घ्यावी लागेल, आणि ते कारागिराचं काम.

नळी, आतून-बाहेरून: एरंडेल किंवा फल्लीचं घाण्याचं तेल. तिळाचं तेल मधल्या जातीचं आहे, महिन्याच्या महिन्याला पुसून नवं लावणार असाल तर चालेल. काळ्या दारूच्या बंदुकीला वनस्पती तेल बरं पडतं, याला कारण आहे. खनिज तेलाबरोबर या दारूची काजळी डांबरासारखी घट्ट बसते. वनस्पती तेलात ती मऊ राहते आणि धुताना लवकर सुटते.

दस्ता: लाकडाला मात्र सुकणारंच तेल हवं, कारण इथे तो गुण उपयोगी पडतो. घाण्याचं जवसाचं तेल तळहातावर चार थेंब घ्या, लाकूड गरम वाटेपर्यंत चोळा आणि जास्तीचं पुसून टाका. पूर्ण वाळल्यावरच दुसरा हात. घाईने जाड थर दिला की वर साय धरते आणि खाली लाकूड चिकट राहतं.

इथे एक धोका बहुतेकांना माहीत नसतो. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर तेल सुकताना तापतं आणि ती चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. काम झालं की चिंध्या पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

पितळेचे भाग: जुनं, खवट झालेलं तेल आणि तूप इथे नको. खवट तेलात आम्लं सुटलेली असतात. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, तसं तिथेही हिरवं कीट चढतं. मिठाचं लोणी तर बंदुकीजवळही आणू नका.

खोबरेलाचं काय? सुकत नाही म्हणून ते मोहात पाडतं, पण साधारण २४ अंशांखाली गोठतं. विदर्भातल्या हिवाळी पहाटे ते कळीत मेणासारखं बसेल. उन्हाळ्यात नळीला चालेल, कळीला नाही.

सहावी पायरी: पावसाळ्यासाठी मेण

बंदूक महिनोन्महिने पडून राहणार असेल तर नुसतं तेल ओघळून खाली जमतं. तेव्हा एक भाग मधमाश्यांचं मेण आणि तीन भाग एरंडेल किंवा फल्लीचं तेल घ्या. मेण साधारण ६३ अंशांना वितळतं, त्यामुळे गरम पाण्यात वाटी ठेवली तरी पुरे. थेट आचेवर ठेवू नका. थंड झाल्यावर मलम होतं. नळीच्या बाहेरून त्याचा पातळ हात द्या.

बंदुकीला कोणतं वंगण, हा प्रश्न जुना आहे. १८५७ च्या जानेवारीत काडतुसांच्या चरबीवरून शिपायांत असंतोष पसरला, तेव्हा सरकारने काडतुसं कोरडीच देऊन वंगण ज्याने त्याने आपल्या पसंतीचं लावावं, अशी मुभा दिली होती. तोवर विश्वास उडालेला होता, त्यामुळे उठाव टळला नाही.

सातवी पायरी: ठेवताना होणाऱ्या चुका

चामड्याच्या किंवा जाड कापडाच्या खोळीत बंदूक ठेवू नका. खोळ ओलावा धरते. कोरड्या, हवेशीर आणि कुलूपबंद जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. तेल जास्त झालं असेल तर नळीचं तोंड खाली करा, नाहीतर ते ओघळून कळीत आणि दस्त्याच्या लाकडात उतरतं.

दसऱ्याला शस्त्रपूजा होते. ओलं हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या लोखंडावर रात्रभर राहिल्या की सकाळी तिथे बोटाएवढे तांबूस डाग दिसतात. पूजा उरकली की संध्याकाळीच पुसून तेलाचा हात द्या.

निवडणुकीत शस्त्र जमा करायचा आदेश आला, तर ते पोलीस ठाण्यात आठवडेच्या आठवडे राहू शकतं. जमा करण्याआधी धुऊन, वाळवून मेणाचा हात द्यावा आणि परत आल्यावर पहिल्याच दिवशी तपासावं.

कुठे वनस्पती तेल नको

बारा बोअरची, काडतुसाची बंदूक असेल तर बाजारातलं बंदुकीचं तेलच बरं. तिच्या धूररहित दारूला डांबराची अडचण नसते आणि खनिज तेल खवट होत नाही. घाण्याचं तेल तिथे चार दिवसांची सोय म्हणून ठीक. तसंच, तेल गंज थोपवतं, पण खड्डे पडलेली नळी सुधारत नाही. अशी नळी वापरू नका, तपासून घ्या. परवाना बंदूक बाळगण्याचा असतो. रानडुक्कर किंवा रोही मारायचं तर वनविभागाची वेगळी परवानगी लागतेच.

एवढं जमलं की बाकी काम सवयीचं. एरव्ही महिन्यातून एकदा आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी जुनं तेल पुसून नवा पातळ हात द्या. बोट फिरवल्यावर बोटाला चमक यावी, थेंब येऊ नये, एवढंच तेल पुरे. आणि बार काढण्याआधी नळीतून एक कोरडी चिंधी फिरवून ते तेल पुसून घ्या, नाहीतर नवी दारू त्यातच भिजेल.