काणीची भाजी

१९०० साली अण्णासाहेब कर्वे यांनी आपला आश्रम पुण्यातून हिंगण्यास नेला, तेव्हा आजच्या कर्वेनगराच्या जागी माळ आणि शेते होती. आता येथे राहणाऱ्या पुष्कळांना ‘काणी’ हा शब्द अपरिचित वाटेल. परंतु ज्यांच्या घराचे एक दार अजून गावाकडे उघडते, त्यांना तो सांगावा लागणार नाही. कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरली, की शेतकरी म्हणतो, पिकावर काणी पडली. हा शब्द तो काही आनंदाने उच्चारीत नाही.

मेक्सिको देशात मात्र मक्यावर पडणारी अशीच एक काणी बाजारात विकावयास येते, आणि ती चांगल्या कणसापेक्षा महाग असते. तेथील जुन्या नाहुआत्ल भाषेतून आलेले तिचे नाव ‘वित्लाकोचे’. एकाच वर्गातील रोग एका देशात संकट आणि दुसऱ्या देशात पक्वान्न, हे कसे? याचा उलगडा ‘ज्याची त्याची आवड’ एवढ्यावर होत नाही. त्यामागे वनस्पतीचे शास्त्र आहे आणि शतकानुशतकांचा अनुभवही आहे.

प्रथम ही काणी म्हणजे काय ते पाहू. ती एक बुरशी आहे. शास्त्रज्ञांनी तिला ‘उस्टिलागो मेडिस’ असे नाव दिले. त्यातील पहिला शब्द लॅटिन भाषेतील ‘जाळणे’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे, कारण रोगट कणीस जळल्यासारखे काळे दिसते. या बुरशीचे बीजाणू जमिनीत पडून राहतात, आणि वाऱ्याने व पावसाच्या शिंतोड्यांनी मक्याच्या कोवळ्या भागांवर पोहोचतात. त्यांच्यापासून निघालेल्या दोन भिन्न प्रकारच्या पेशी एकत्र आल्या, म्हणजे बुरशी झाडात शिरते. मग त्या जागी मक्याच्याच पेशी बेसुमार फुगतात आणि गाठी तयार होतात. कणसावर ही लागण झाली तर दाण्यांच्या जागी बोराएवढ्या किंवा त्याहूनही मोठ्या, रुपेरी करड्या गाठी दिसू लागतात. गाठ कोवळी असताना आत ओलसर आणि लुसलुशीत असते. पुढे ती वाळते, फुटते आणि काळी भुकटी उडू लागते. ती भुकटी म्हणजेच पुढच्या वर्षीच्या रोगाचे बियाणे.

मेक्सिकोतील स्वयंपाकाचे सारे मर्म या दोन अवस्थांमधील थोड्या दिवसांत आहे. लागण झाल्यापासून साधारण दोन ते तीन आठवड्यांनी, गाठी भरलेल्या पण अजून ओल्या असताना, कणीस काढतात. उशीर झाला तर हाती कडवट भुकटीच राहते. पावसाळा हा तिकडेही या पदार्थाचा हंगाम असतो. गाठी कणसावरून सोडवून कांदा, लसूण, मिरची आणि ‘एपासोते’ नावाच्या उग्र वासाच्या पाल्याबरोबर परततात. शिजताना त्या काळ्या होतात आणि त्यांचा रस सुटतो. ही भाजी मक्याच्या भाकरीत, म्हणजे तोर्तियात, घालून खातात. चवीत अळंबीचा मातकटपणा असतो आणि मक्याचा गोडवाही.

पोषणाच्या दृष्टीनेही हा पदार्थ मोलाचा आहे. मक्याच्या दाण्यात लायसिन नावाचा प्रथिनाचा घटक कमी असतो. या बुरशीत त्याचे प्रमाण पुष्कळ अधिक असते. म्हणजे मक्यावर जगणाऱ्या माणसाला मक्याचाच रोग थोडी भर घालून देतो! शेजारच्या अमेरिकेतील शेतकरी मात्र या काणीला शत्रूच मानीत आले. तिकडील खाणाऱ्यांना तिची गोडी लागावी म्हणून १९८९ साली न्यूयॉर्कमध्ये जेम्स बिअर्ड यांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या संस्थेत एक खास मेजवानी झाली, आणि तेव्हा तिला ‘मेक्सिकन ट्रफल’ असे भारदस्त नाव देण्यात आले. पदार्थ तोच राहिला, नाव तेवढे बदलले.

आता आपल्याकडे वळू. मका मूळचा मेक्सिकोचाच, आणि अमेरिका खंडातून तो समुद्रमार्गे आपल्याकडे आला. कणीस आले, पण त्याच्या काणीची पाककृती काही आली नाही. आपल्याला काणी ठाऊक झाली ती मुख्यतः ज्वारीवरची. तिचे चार प्रकार आपले शेतकरी ओळखतात: दाणे काणी, मोकळी काणी, लांब काणी आणि झिपरी काणी. यांतील दाणे काणीची रीत मक्याच्या काणीहून अगदी वेगळी आहे. तिचे बीजाणू पेरणीच्या बियाण्यालाच चिकटलेले असतात. बी रुजताना बुरशी रोपात शिरते आणि कोणाच्या लक्षात न येता झाडाबरोबर वाढत जाते. कणीस बाहेर पडते तेव्हा दाण्याची जागा तिने घेतलेली असते. म्हणूनच पेरणीपूर्वी एक किलो बियाण्यास चार ग्रॅम बारीक गंधक चोळले, तर हा रोग बहुतांशी टळतो. मक्याच्या काणीला हा उपाय पुरत नाही, कारण ती बाहेरून, उभ्या पिकावर येते.

तेव्हा आपल्या शेतकऱ्याने काणी खाल्ली नाही, यात अज्ञान किंवा सोवळेपणा शोधण्याचे कारण नाही. मक्याच्या काणीची लुसलुशीत गाठ हाताला लागते, तर दाणे काणीत दाण्याएवढ्या पिशवीत काळी पूड असते. त्यातून भाजी होणार कशाची? शिवाय ज्वारी ही ज्याची भाकरी, त्याला दाणा गमावण्याचे दुःख अधिक.

परंतु काणीची भाजी भारतात कोठेच होत नाही, असेही नव्हे. मणिपुरात पाणथळ जागी वाढणाऱ्या एका रानभाताच्या जातीवर याच कुळातील बुरशी येते. तिच्यामुळे झाडाला फुलोरा येत नाही, आणि खोडाचा बुडखा फुगून कोवळा व रुचकर होतो. त्याला तेथे ‘इशिंग कंबोंग’ म्हणतात आणि आवडीने खातात. चीनमध्ये तर हीच वनस्पती पूर्वी धान्यासाठी लावीत. बुरशीने धान्य नाहीसे केले, तेव्हा लोकांनी फुगलेल्या खोडाची भाजी केली, आणि पुढे लागवडच त्या भाजीसाठी होऊ लागली. आणि आपण तरी बुरशी कोठे टाळतो? पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात वारुळांवर उगवणारी अळंबी हीदेखील बुरशीच, आणि तिच्यासाठी गिऱ्हाईक खुशीने चढा भाव मोजते.

येथवर ऐकून कोणाला वाटेल, की मग काळे पडलेले कणीस फेकावयाचे कशाला? येथेच सावध व्हावयास हवे. १९७४ साली गुजरात आणि राजस्थानच्या सीमेवरील आदिवासी भागांत बुरशी आलेला मका लोकांच्या पोटात गेला. ती बुरशी काणीची नव्हती. ओलसर राहिलेल्या दाण्यावर वाढून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करणारी ती वेगळीच जात. यकृताच्या विकाराने शंभराहून अधिक माणसे दगावली. पुढच्याच वर्षी, १९७५ साली, राजस्थानात अरगट नावाची बुरशी लागलेली बाजरी खाऊन लोकांना मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी यांचा त्रास झाला. या दोन्ही ठिकाणी गरिबाला दुसरे धान्य निवडण्याची मोकळीक फारशी नव्हती, हे विसरता कामा नये. अरगटाचे विकृत दाणे निरोगी दाण्यांपेक्षा हलके असतात. म्हणून पेरणीचे बी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बुडवितात, वर तरंगणारे काढून टाकतात आणि तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन घेतात.

यावरून बुरशी खावी की न खावी हा प्रश्नच अपुरा आहे, हे ध्यानी येईल. बुरशी कोणती, ती कोणत्या अवस्थेत काढलेली, आणि ती ओळखणारा माणूस कोण, हे तीन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. मेक्सिकोतील शेतकऱ्याला ही तिन्ही उत्तरे वाडवडिलांकडून मिळालेली आहेत. वारुळावरची अळंबी आणणाऱ्या कोकणातील बाईलाही ती मिळालेली आहेत. कोणते छत्र टोपलीत घ्यावयाचे आणि कोणते पायाने बाजूला सारावयाचे, हे ती जाणते. शहरातल्या आपल्याला ते ज्ञान नाही. म्हणून बाजारातून आणलेल्या कणसावर काळी, हिरवी किंवा करडी बुरशी दिसली, तर ते बिनदिक्कत टाकून द्यावे. मात्र दूर देशी कोणी काणीची भाजी पानात वाढली, तर नाक मुरडण्यापूर्वी आपली अळंबी आठवावी, आणि ती कशी ओळखतात, कधी काढतात, हे वाढणाऱ्याला आदराने विचारावे.