परदेशी विद्यापीठांसाठी हेतुनिवेदन : आनंदीबाई जोशी यांच्या अर्जाच्या निमित्ताने

परदेशी विद्यापीठात प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्यास गुणपत्रिका व शिफारसपत्रे यांबरोबर स्वतःविषयीचा एक छोटा लेख जोडावा लागतो. त्यास ‘पर्सनल स्टेटमेंट’ किंवा, पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या संदर्भात, ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ असे म्हणतात. मराठीत ‘आत्मनिवेदन’ हा शब्द सहज सुचतो. परंतु तो फसवा आहे. नवविधा भक्तीतील आत्मनिवेदन ही अखेरची पायरी होय, आणि तेथे मीपणाचे विसर्जन अभिप्रेत असते. प्रवेशसमितीपुढे मात्र हा ‘मी’ उभाच करावयाचा असतो. तोही एका निश्चित कार्याच्या संदर्भात. म्हणून ‘हेतुनिवेदन’ हा शब्द अधिक नेमका ठरतो.

या लेखनप्रकाराचा एक उत्कृष्ट नमुना डोंबिवलीकर विद्यार्थ्यास फार दूर शोधावा लागत नाही. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचे माहेर लगतच्या कल्याणचे. त्यांच्या अमेरिकाप्रवासामागे दोन पत्रे आहेत, व त्यांतील भेद उद्बोधक आहे. पहिले पत्र पती गोपाळराव यांनी १८७८ साली कोल्हापुराहून वाइल्डर या मिशनऱ्यांना लिहिले. त्यात पत्नीच्या शिक्षणाची इच्छा होती आणि स्वतःच्या चरितार्थाची विवंचनाही होती. उत्तरादाखल धर्मांतराचा उपदेश मिळाला. हा पत्रव्यवहार अमेरिकेत छापला गेला, व तो वाचून न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंनी जोशी दांपत्याशी संपर्क साधला, हा त्याचा अनपेक्षित लाभ. अर्ज या नात्याने मात्र ते पत्र निष्फळ ठरले. जिला शिकावयाचे होते तिचा आवाज त्यात नव्हता.

दुसरे पत्र आनंदीबाईंनी स्वतः, अमेरिकेत पोहोचल्यावर, २८ जून १८८३ रोजी पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाकडे लिहिले. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. प्रवेशाच्या साऱ्या अटींत आपण बसू असा दावा त्या करीत नाहीत. आपली परिस्थिती अपवादात्मक आहे, ती लक्षात घ्यावी, एवढेच सुचवितात. पुढे त्या म्हणतात की, आप्तेष्ट व ज्ञाती यांच्या एकवटलेल्या विरोधास न जुमानता ज्या निश्चयाने आपणांस येथवर आणले, तोच निश्चय कार्यसिद्धीसही उपयोगी पडेल. आणि ते कार्य कोणते? पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या देशभगिनींना वैद्यकीय साहाय्य देणे.

येथे युक्तिवादाची बांधणी पाहण्याजोगी आहे. ‘मी निश्चयी आहे’ हे विधान कोणीही करील; आनंदीबाईंनी निश्चयाचा पुरावा म्हणून एक घडलेली, पडताळता येण्याजोगी घटना पुढे ठेवली. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांचे मूल अवघ्या दहा दिवसांचे होऊन दगावले होते. या बहुश्रुत उताऱ्यात त्या दुःखाचा उल्लेखही नाही. खाजगी शोकाच्या जागी एक सार्वजनिक गरज मांडली गेली आहे. ही मांडणी एकाएकी सुचलेली नव्हती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील इंग्रजी व्याख्यानात, अमेरिकेस का जावे, हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही काय, एकटीने का जावे, अशा सहा प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली होती. प्रतिकूल श्रोत्यांपुढे झालेली ती जणू अर्जाची पूर्वतयारीच म्हणावी लागेल.

पुढील वृत्त सर्वज्ञात आहे. प्रवेश मिळाला, ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, आणि प्रबंधाचा विषयही हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणुकीवर रुजू होण्यापूर्वीच, पुण्यास त्यांचे निधन झाले.

प्रश्नोत्तरांची हीच पद्धत ब्रिटनमधील ‘यूकास’ या प्रवेशसंस्थेने २०२६ च्या प्रवेशांपासून पदवीपूर्व अर्जांसाठी स्वीकारली आहे. सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न : हा विषय का, अभ्यासातून कोणती तयारी झाली, आणि अभ्यासाबाहेर कोणती. एकूण मर्यादा ४,००० वर्णचिन्हांची. उसनवारीविषयी या संस्थेचा अनुभव मौजेचा आहे. २००७ साली जाहीर झालेल्या तिच्या तपासणीत सुमारे ५०,००० अर्जांपैकी २३४ अर्जदारांनी, आठव्या वाढदिवशी मिळालेल्या रसायनसंचामुळे आपला पायजमा जळाल्याची एकच गोष्ट सांगितली होती!

डोंबिवलीच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास असा पायजमा उसना घेण्याचे कारणच नाही. जानेवारी २०१४ मध्ये तेथे हिरवट पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक वसाहतीतील रस्ता गुलाबी झाला. २३ मे २०२४ च्या स्फोटात अनेक कामगार प्राणास मुकले. अर्थात या घटनांची नुसती यादी दिल्याने हेतू सिद्ध होत नाही. सांडपाण्यातील रंगद्रव्यांच्या विघटनावर विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत काय केले, कोणता प्रयोग फसला, त्यातून कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला, आणि त्याचे उत्तर शोधण्यास अमुक विद्यापीठातील अमुक अध्यापकांचेच संशोधन का हवे, एवढे आले म्हणजे निवेदनास वजन येते. ‘लहानपणापासून विज्ञानाची आवड’ या वाक्यास मग जागाच उरत नाही.

आत्मस्तुतीचा संकोच हा मराठी विद्यार्थ्यापुढील खरा अडसर होय. त्यापायी तो एक तर अतिविनयाने आपले काम झाकतो, किंवा पैसे देऊन दुसऱ्याकडून निवेदन लिहवून घेतो व मग त्यात भलत्याच वल्गना येतात. मसुदा दाखविण्यास आलेल्या विद्यार्थ्याचे इंग्रजी अध्यापकांनी आधी सुधारू नये. कागद बाजूस ठेवून, अर्जातील प्रत्येक दाव्यापाठीमागे काय घडले होते, हे त्यास मराठीतच विचारावे व त्याची उत्तरे टिपून घ्यावीत. नवा मसुदा त्या टिपणांवरून विद्यार्थ्याने स्वतः लिहावा.