नमुन्यांची साखळी आणि अनेक हात

एका माणसाचे दहा दिवसांचे काम दहा माणसे एका दिवसात करतील, हे गणित आपण सर्वजण शाळेत शिकलो. संख्याशास्त्रात नमुने घेण्याच्या कामाला ते लागू पडते काय, हा आजचा प्रश्न.

पीक कापणीचे प्रयोग घ्या. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे शेते निवडून उत्पन्नाचा अंदाज बांधण्याची शास्त्रीय रीत आपल्या देशात रुजविण्यात सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. गंगापूरच्या शेतातील ज्वारी कापण्यासाठी वैजापूरच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. इथे शाळेतले गणित बरोबर उतरते.

परंतु शक्यता अफाट असल्या, की थेट चिठ्ठी टाकता येत नाही. अशा वेळी संगणक एका शक्यतेवरून दुसरीवर पावले टाकीत जातो व अधिक संभवनीय जागी अधिक काळ रेंगाळतो. ही रीत मेट्रोपोलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली अमेरिकेत मांडली. हिच्यात प्रत्येक पाऊल मागच्या पावलावर अवलंबून असते. पैठणीचा आडवा धागा आधीच्या धाग्याला टेकूनच बसतो, तसेच हे. एका मागावर दहा विणकर बसवून पदर दहापट लवकर होत नाही.

मग दहा माग मांडावेत. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभारला, तो अनेक प्रक्रियक एकाच वेळी राबविण्याच्या तत्त्वावरच. मात्र प्रत्येक मागावर उभे धागे नव्याने लावावे लागतात. साखळीचीही आरंभीची पावले सुरुवातीच्या जागेच्या प्रभावाखाली असल्याने टाकून द्यावी लागतात. समजा, ही पावले १,००० आणि उपयोगी पावले ९,००० हवीत. एका संगणकाला १०,००० पावले लागतील. दहा संगणकांत प्रत्येकाला १,००० अधिक ९००, म्हणजे १,९००. वेग दहापट नव्हे, सव्वापाच पट! शंभर लावले तरी तो सव्वानऊ पटीच्या आतच राहतो.

मग हा खटाटोप कशासाठी? एकटी साखळी एखाद्या कोपऱ्यात अडकली, तर तिचे तिला कळत नाही. दूरदूरच्या जागांहून निघालेल्या दहा साखळ्यांची उत्तरे जुळली नाहीत, तर काम अपुरे आहे हे उघड होते. जुळली, तर विश्वास वाढतो. मात्र प्रत्येकीचे यादृच्छिक अंक स्वतंत्र हवेत. आरंभ आणि अंक दोन्ही तेच दिले, तर हाती येतात त्या एकाच उत्तराच्या दहा नकला. अनेक हातांनी काम लवकर होते, हे खरे. पण ते एकमेकांचे काम तपासू शकतात, हा लाभ अधिक मोलाचा.