आत किती, बाहेर किती

हैदराबादच्या कोठी-सुलतान बाजारातल्या मराठी माणसाला नांदेड-परभणीकडे निघायचं झालं की काचीगुडा स्टेशन जवळचं. निजामाच्या रेल्वेची 1916 सालची ती देखणी इमारत सगळ्यांना ठाऊक आहे. मला इथे सांगायचंय ते रुळाबद्दल. आजकाल बऱ्याच ठिकाणी रुळाच्या दोन्ही अंगांना बोल्टने आवळलेली छोटी खोकी दिसतात. ती गाडीची चाकं मोजतात; या यंत्रणेला अ‍ॅक्सल काउंटर म्हणतात.

पुढचा मार्ग रिकामा आहे की नाही, हे सिग्नलला कळायची जुनी पद्धत म्हणजे ट्रॅक सर्किट. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने ते 1872 मध्ये आणलं. दोन्ही रुळांतून हलका विद्युतप्रवाह खेळवायचा. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन रूळ जोडतात, रिलेचा प्रवाह तुटतो आणि सिग्नल लाल होतो. मात्र पावसाळ्यात खडीत चिखल साचला की प्रवाह झिरपतो, आणि मोकळा मार्गही भरलेला दिसतो. क्वचित वापरातल्या गंजलेल्या रुळावर याच्या उलट घडू शकतं: गाडी उभी असूनही दिसत नाही. हे जास्त भयंकर.

अ‍ॅक्सल काउंटरला खडीच्या ओलाव्याचं सोयरसुतक नाही. रुळाच्या एका बाजूच्या कॉइलमधून चुंबकक्षेत्र निघतं, दुसऱ्या बाजूची कॉइल ते टिपते. चाक मधे आलं की क्षेत्र बदलतं आणि एक आकडा वाढतो. अशा दोन जोड्या थोड्या अंतराने बसवतात. आधी कोणती जागी झाली यावरून दिशा कळते. बावीस डब्यांच्या गाडीचे 88 आस आणि इंजिनाचे सहा, मिळून 94. ताशी 110 किलोमीटर वेगात एलएचबी प्रकारच्या डब्याखालच्या एका बोगीची, एकाच रुळावरची दोन चाकं सेकंदाच्या बाराव्या भागात निघून जातात. मोजणीच्या दोन ठिकाणांमधल्या सेक्शनमध्ये 94 शिरले आणि 94 बाहेर पडले, तरच मार्ग मोकळा.

खरी अडचण इथेच आहे. ट्रॅक सर्किट आत्ताची स्थिती पाहतं. दोष दूर झाला की आपोआप सावरतं. अ‍ॅक्सल काउंटर आठवणीवर चालतो. एक चाक निसटलं की गाडी कधीच पुढे गेली तरी त्याच्या हिशेबी एक आस आतच राहतो. विजेचा लोळ, ढिला बोल्ट, कुरतडलेली केबल, खडी ठोकणाऱ्या यंत्राचा धक्का, काहीही पुरतं. यंत्र लाल दाखवतं, हे योग्यच. पण मग माणसाला रिसेटची कळ दाबून आकडा शून्य करावा लागतो, आणि आत खरोखर गाडी असेल तर तीच कळ जिवावर बेतते.

म्हणून विश्वासार्हता वाढवायची ती रिसेटचे प्रसंग कमी करून. चांगलं अर्थिंग, विजेची लाट अडवणारी उपकरणं, दोन वेगळ्या मार्गांनी संदेश हे हवंच. पण मला सगळ्यात सुंदर वाटतो तो पर्यवेक्षक सेक्शनचा उपाय. समजा शेजारच्या दोन सेक्शनना एक, दोन, तीन अशी मोजणारी ठिकाणं आहेत. मधल्या, दोन नंबरच्या ठिकाणी एक चाक चुकलं: पहिल्या सेक्शनमध्ये एक आस उरला, दुसऱ्यातून शिरलेल्यांपेक्षा एक जास्त निघाला. दोन्ही लाल. पण एक आणि तीन यांच्यामधला मोठा सेक्शन स्वतंत्र हिशेब ठेवतो. तिथे 94 आत, 94 बाहेर जुळले, तर यंत्र छोटे सेक्शन आपणहून साफ करतं. माणसाची कळ लागत नाही आणि अंदाजही नाही; साक्ष दुसऱ्या मोजणीची असते.

  

तरीही हाताने रिसेट करायची वेळ आली, तर आकडा शून्य होऊनही सिग्नल लगेच मोकळा होत नाही, अशी सोय ठेवता येते. आधी मार्ग रिकामा असल्याची खात्री. मग पहिली गाडी लेखी अधिकारपत्रावर, सावकाश, पुढे पाहत जाते. तिचे सगळे आस आत मोजले जातात, तितकेच बाहेर, आणि तेव्हा कुठे पॅनेलवरचा लाल दिवा विझतो.