फाइल-दुवे व दीर्घ फाइलनामे
संगणकातील निर्देशिकेची सूची देणाऱ्या आज्ञावलींना विचारात घ्यावी लागणारी दोन वैशिष्ट्ये. युनिक्स प्रणालीत निर्देशिका म्हणजे फाइलींची नावे व त्यांचे अंतर्गत क्रमांक यांचा तक्ता होय. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) प्रत्येक नोंद १६ बाइटांची असे : २ बाइट क्रमांकासाठी व १४ नावासाठी. १९८३ मध्ये ४.२ बीएसडी या आवृत्तीत नावाची मर्यादा २५५ वर्णांपर्यंत वाढली व नोंदींची लांबी बदलती झाली. परिणामी १६ बाइटांचे तुकडे सरळ वाचणाऱ्या आज्ञावली बदलाव्या लागल्या. विंडोज ९५ मध्ये (१९९५) मात्र दीर्घ नावासोबत ८ + ३ वर्णांचे पर्यायी नाव राखल्याने एमएस-डॉसच्या जुन्या आज्ञावली चालू राहिल्या.

दुवे दोन प्रकारचे असतात. एकाच अंतर्गत क्रमांकाला अनेक नावे दिल्यास तो प्रत्यक्ष दुवा होय; शेवटचे नाव काढेपर्यंत फाइल टिकून राहते. सांकेतिक दुव्यात केवळ दुसऱ्या फाइलीचा मार्ग लिहिलेला असतो. मूळ फाइल नाहीशी झाल्यास असा दुवा निराधार होतो. यादीत हा भेद न दिसल्यास दुव्यालाच प्रत समजून मूळ फाइल पुसली जाण्याचा धोका संभवतो. म्हणून ‘एलएस’ या आज्ञेच्या विस्तृत यादीत सांकेतिक दुव्यापुढे बाण काढून त्याचे लक्ष्य दाखवितात, तसेच प्रत्येक फाइलीच्या प्रत्यक्ष दुव्यांची संख्या देतात. उपनिर्देशिकांत क्रमाने शिरणारी आज्ञावली सांकेतिक दुव्यांमागे गेल्यास त्याच निर्देशिकेत पुनःपुन्हा फिरत राहू शकते. यासाठी असे दुवे सामान्यतः ओलांडले जात नाहीत.